गोळी सरळ का जात नाही? : एका तपकिरी कागदाचा इतिहास

वडील गेल्यावर तीन महिन्यांनी मी त्यांची बंदूक घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. बंदूक ठाण्यात नेणे आमच्या घराला नवे नव्हते. दर निवडणुकीला परवान्याचे हत्यार जमा करायचे, पावती सांभाळून ठेवायची आणि आचारसंहिता उठली की परत आणायचे, हे वडिलांनी आयुष्यभर केले. या वेळी मात्र प्रश्न वेगळा होता. परवाना वारसाच्या नावावर करून घ्यायचा की हत्यार कायमचे सोडून द्यायचे, हे मला ठरवायचे होते.

बंदूक मुळात आजोबांची. बारा बोअरची, दोन नळ्यांची, आतून गुळगुळीत, छर्ऱ्याची. सावंतवाडीच्या बाजूला आमचे गाव. भात लोंबीला आले की रानडुकरे उतरतात, म्हणून शेतीच्या राखणीसाठी परवाना मिळालेला. गावात बहुतेकांकडे ठासणीची एकनळी असे, आजोबांकडे काडतुसाची दुनळी. त्यामुळे तिचा जरा रुबाब होता. जमा करण्याआधी पेटी साफ करताना आतले जुने बनातीचे अस्तर सुटून आले आणि त्याखाली घडी घातलेला एक तपकिरी कागद सापडला. वाण्याच्या दुकानात पुडे बांधायला असतो तसला, पण चांगला दोन हात लांब. त्याला सहा भोके होती. प्रत्येक भोकाभोवती पेन्सिलीने गोल काढलेला आणि शेजारी आकडा. तिघांपुढे ‘उ’, तिघांपुढे ‘डा’. मध्यभागी कोळशाने फुली मारलेली. खाली आजोबांच्या अक्षरात लिहिलेले: ‘४० पावले. टेकू देऊन. गोळी.’ त्याखाली नोव्हेंबर १९६१ ची तारीख आणि एकच ओळ: ‘हे आधी करायला हवे होते.’

त्या ओळीचा अर्थ मला लगेच कळला, कारण त्याआधीच्या आश्विनात काय झाले ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. रात्री राखणीला बसलेल्या आजोबांनी साठेक पावलांवर आलेल्या डुकरावर गोळीचे काडतूस झाडले. डुक्कर पळाले. गोळी त्याच्या बरीच पलीकडे, रेषेपासून चांगली बाजूला, बांधावर उभ्या असलेल्या आमच्याच गड्याच्या गुडघ्यात शिरली. तो वाचला, पण जन्मभर लंगडत चालला. उडती पाखरे पाडणाऱ्या तात्यांचा नेम गेला, असे गाव म्हणू लागले. आजोबांनी पुन्हा गोळीचे काडतूस नळीत घातले नाही. आम्ही मुले त्या गड्याला काका म्हणायचो. तो मात्र एकदा मला म्हणाला होता, ‘‘तात्यांचो नेम चुकाक नाय, गोळी चुकली.’’

मला तेव्हा ते एका भल्या माणसाने केलेले सांत्वन वाटले. इतिहास शिकवण्यात नोकरी गेली; निवृत्तीनंतर हा कागद समोर पसरून बसलो तेव्हा प्रश्न पडला, की नेम न चुकता गोळी चुकू शकते का? आणि चुकत असेल, तर ते कोणाला, केव्हापासून ठाऊक होते? या लेखात त्याचेच उत्तर आहे. शोध घेताना एक गोष्ट अनपेक्षितपणे समोर आली. एकच गोळी पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी कशी लागेल, या विद्येत भर घालणाऱ्यांत एकामागून एक असे चौघे भेटले, की ज्यांचे आयुष्य किंवा मरण हिंदुस्थानशी जोडलेले होते.

पहिला बेंजामिन रॉबिन्स. जन्म १७०७, इंग्लंडमधल्या बाथ शहरातला. गणिती माणूस. १७४२ मध्ये त्याने तोफा-बंदुकांच्या शास्त्रावर एक छोटे पुस्तक काढले. तोवर गोळीचा वेग कोणी नीट मोजलेला नव्हता. रॉबिन्सने एक जड लाकडी फळी लंबकासारखी टांगली, तिच्यावर गोळी झाडली आणि फळी किती मागे गेली यावरून वेग काढला. त्या वेगाला हवा किती प्रचंड विरोध करते, हे त्याच्या आकड्यांनी प्रथम दाखवले. लिओनार्ड ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने १७४५ मध्ये हे पुस्तक जर्मनमध्ये आणले, आणि मूळ मजकुराच्या कितीतरी पट टीपा त्याला जोडल्या.

आपल्या कामाचा भाग यापुढचा. त्या काळच्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा मुद्दाम लहान ठेवत, कारण तोंडाकडून ठासायची तर ती सहज खाली गेली पाहिजे, आणि दोन-चार बार झाल्यावर नळीत साचणाऱ्या काजळीतूनही गेली पाहिजे. इंग्रजी फौजेच्या प्रसिद्ध ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी पाऊण इंचाची आणि गोळी साधारण ०.६९ इंचाची. मधल्या फटीमुळे गोळी नळीतून सरळ सरकत नाही. ती इकडून तिकडे आपटत जाते आणि शेवटी ज्या बाजूला घासून बाहेर पडेल त्याप्रमाणे तिला फिरकी मिळते. ही फिरकी कोणत्या दिशेची, ते दर बाराला वेगळे. आणि फिरणारा गोळा हवेत वळतो. क्रिकेट पाहणाऱ्याला हे सांगायला नको. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्याआधीच हवेत सरकतो, तोच हा प्रकार.

रॉबिन्सने हे सिद्ध करायला एक गमतीदार प्रयोग केला. त्याने नळीचे टोक थोडे डावीकडे वाकवले. ओळीने कागदाचे पडदे लावले, मागे भिंत. बार काढला की गोळी जवळच्या पडद्यांना डावीकडे भोक पाडून जाई, कारण नळीचे तोंडच डावीकडे. पण पुढे ती वळून भिंतीवर उजवीकडे लागे. वाकलेल्या टोकाच्या उजव्या आतल्या बाजूला घासल्यामुळे तिला मिळालेली फिरकी तिला उलट दिशेला ओढत होती. ऑयलरला हे पटले नाही. गोळी पुरेशी गोल नसल्यामुळे ती वळते, असे त्याचे मत होते. पण रॉबिन्स बरोबर होता. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ माग्नुसने यावर काम केले आणि आज हा परिणाम त्याच्या नावाने ओळखला जातो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. गोळी वाकडी निघाली असेल तर तिची चूक अंतराच्या प्रमाणात वाढते. पण ती हवेत वळत असेल तर चूक त्याहून वेगाने वाढते. चाळीस पावलांवर वीतभर चुकणारी गोळी ऐंशी पावलांवर दोन विती चुकून थांबत नाही.

उपाय रॉबिन्सने शोधला नाही. तो आधीपासून होता. नळीला आतून गोलाकार चढत जाणारे आटे पाडायचे आणि गोळी इतकी घट्ट बसवायची की ती त्या आट्यांत रुतून फिरत बाहेर येईल. ही ‘रायफल’ युरोपातल्या शिकाऱ्यांकडे दीड-दोनशे वर्षे होती. आटे का उपयोगी पडतात हे मात्र कोणी नीट सांगितले नव्हते. ते रॉबिन्सने १७४७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले: फिरकी नाहीशी होत नाही, ती गोळीच्या वाटेच्या आसाभोवती आणली जाते, त्यामुळे ती कोणत्याही एका बाजूला ओढत नाही, आणि दर बाराला ती सारखीच असते. जे राष्ट्र ही गोष्ट प्रथम समजून घेऊन फौजेत आणील ते इतरांना भारी पडेल, अशा अर्थाचे भाकीतही त्याने केले. हा माणूस पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता होऊन किल्ले दुरुस्त करायला इकडे आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला तापाने वारला. वय अवघे चव्वेचाळीस.

त्याचे भाकीत खरे व्हायला शंभर वर्षे लागली. घट्ट गोळी तोंडाकडून ठोकून बसवायला वेळ लागे आणि लढाईत वेळ नसतो. ही अडचण सोडवली ती बुडाशी पोकळ असलेल्या लांबट गोळीने. ती नळीत सैल जाते आणि बार होताच तिचा पोकळ घेर फुगून आट्यांत बसतो. फ्रेंच कॅप्टन मिनिए याच्या नावाने ती १८४९ पासून गाजली. त्याच्या पुष्कळ आधी जॉन नॉर्टन या इंग्रज कॅप्टनने तशीच कल्पना मांडली होती. ती त्याला दक्षिण हिंदुस्थानातल्या फुंकनळीच्या बाणांवरून सुचली, असे सांगतात. त्या बाणांच्या बुडाशी कमळाच्या देठातला भेंडासारखा गर असे आणि फुंकरीने तो फुगून नळी बंद होई.

दुसरा माणूस जनरल जॉन जेकब. मुंबई तोफखान्याचा अधिकारी. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि आजही त्याच्याच नावाने असलेल्या जेकबाबादला त्याचे ठाणे होते. आजूबाजूला सपाट वाळवंट. तिथे त्याने १८५०च्या दशकात चार आट्यांच्या दुनळी रायफलीवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. आटे, गोळीचा आकार, दारूचे माप बदलत थेट दोन हजार यार्डांपर्यंत नेम धरून पाहिला. त्याची रायफल फौजेत सर्रास आली नाही आणि तो १८५८ च्या डिसेंबरात वारला. पण त्याची रीत मला महत्त्वाची वाटते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळे तसेच ठेवून पुन्हा झाडायचे.

याच काळात आट्यांची नळी हिंदुस्थानच्या राजकारणात शिरली. १८५७ च्या उठावाचे निमित्त ठरलेली एन्फिल्ड ही आट्यांची बंदूक होती. तिची गोळी ०.५७७ इंच नळीत सुलभ जावी म्हणून कागदी काडतुसाला चरबी लावत. पुढचे सर्वांना माहीत आहे. त्यानंतर काय झाले ते तितके माहीत नाही. १८५८ मध्ये हिंदी शिपायांसाठी एन्फिल्डसारखीच दिसणारी, पण आतून आटे नसलेली, ०.६५६ इंचाची नवी बंदूक तयार करण्यात आली. दस्ता तोच, घोडा तोच, नळी मात्र गुळगुळीत. दुरून पाहणाऱ्याला फरक कळू नये आणि नेम धरणाऱ्याला कळावा, अशी ती बंदूक होती. हिंदी शिपायाच्या हातातली गोळी गोऱ्या शिपायाच्या गोळीइतकी लांब व सरळ जाऊ नये, हा धोरणाचा भाग होता. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची चौकट घातली. त्या चौकटीत शेतकऱ्याच्या वाट्याला राखणीसाठी बहुतेक करून गुळगुळीत नळीच आली. पाखरांवर आणि सशांवर छर्रे टाकायला ती उत्तम. अडचण येते ती तिच्यातून एकच गोळी झाडताना.

तिसरा माणूस आपल्या अधिक जवळचा. कॅप्टन जेम्स फोर्सिथ मध्य प्रांतात होता. नागपूर ज्याची राजधानी, तोच प्रांत. सातपुड्यावरचे त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, १८७१ मध्ये निघाले आणि ते अजून वाचले जाते. शिकारी रायफलीवरचे त्याचे १८६३ चे पुस्तक मात्र आता फार कोणी उघडत नाही. फोर्सिथचा मुद्दा अगदी व्यवहारी होता. जंगलात जनावर शंभर यार्डांच्या आतच दिसते, अंतराचा अंदाज घ्यायला वेळ नसतो, तेव्हा गोळी शक्य तितकी सपाट रेषेत गेली पाहिजे. त्यासाठी गोल गोळी आणि भरपूर दारू. पण दारू वाढवली की गोळी आट्यांना न जुमानता त्यांवरून घसरत जाते. म्हणून आटे उथळ हवेत आणि त्यांचा फेरा अगदी मंद हवा: फौजेच्या एन्फिल्डमध्ये साडेसहा फुटांत एक फेरा होता, फोर्सिथने आठ-साडेआठ फुटांत एक फेरा मागितला. गोल गोळीला सरळ ठेवायला एवढी फिरकी पुरते; लांबट गोळीला जास्त लागते. म्हणजे आटे असले की काम झाले असे नाही. नळी, गोळी आणि दारू यांचा आपापसात मेळ बसावा लागतो.

यानंतर १८७० च्या दशकात छर्ऱ्याच्या बंदुकीत एक मोठी सुधारणा आली आणि तिने गोळीची अडचण आणखी वाढवली. छर्रे दूरवर एकत्र राहावेत म्हणून नळीचे तोंड किंचित आवळायला सुरुवात झाली. याला ‘चोक’ म्हणतात. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. पूर्ण चोकमध्ये तोंडाशी तो साधारण एक मिलिमीटरने कमी होतो. एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण नळीला बरोबर बसणारी शिशाची कडक गोळी त्या तोंडात अडकून नळी फुटू शकते. आणि तोंडातून सुखरूप जाईल एवढी लहान गोळी घेतली तर ती मागच्या सगळ्या नळीत सैल राहते. पुन्हा रॉबिन्सच्या वेळची आपटणारी गोळी. शिवाय शेवटी ती आवळलेल्या तोंडावर जी बाजू आदळेल त्याप्रमाणे दिशा बदलते ते वेगळेच.

या पेचातून वाट काढली चौथ्या माणसाने. जॉर्ज व्हिन्सेंट फॉसबरी बंगाल फौजेत होता. १८६३ च्या अंबेला मोहिमेत सरहद्दीवरच्या एका सुळक्यावरचे ठाणे परत घेताना दाखवलेल्या शौर्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १८७७ मध्ये निवृत्त होऊन तो बंदुकांच्या सुधारणेत रमला आणि १८८५ मध्ये त्याने एक पेटंट घेतले. त्याची युक्ती अशी: छर्ऱ्याची नळी सगळी गुळगुळीतच ठेवायची आणि फक्त शेवटच्या दोनेक इंचांत, म्हणजे आवळलेल्या तोंडातच, खोल आटे पाडायचे. छर्रे जवळजवळ नेहमीसारखे जातात. आणि मापाची जड गोळी शेवटच्या क्षणी आट्यांत शिरून फिरकी घेऊन बाहेर पडते. नळीभर आटे नसताना गोळी रायफलीसारखी जाते, म्हणून त्याने तिला ‘पॅराडॉक्स’, म्हणजे विरोधाभास, असे नाव दिले. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने ही कल्पना घेऊन बंदुका काढल्या. सकाळी तितर आणि दुपारी सांबर किंवा वाघ एकाच हत्याराने साधत असल्यामुळे त्या हिंदुस्थानात खूप चालल्या. इथले इंग्रज अधिकारी आणि संस्थानिक यांच्यात त्यांना मागणी होती. बारा बोअरच्या पॅराडॉक्सची गोळी सुमारे ७४० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ ४८ ग्रॅमची असे. फॉसबरी १९०७ मध्ये बाथमध्ये वारला. रॉबिन्स तिथेच बरोबर दोनशे वर्षांपूर्वी जन्मला होता.

पॅराडॉक्सबद्दल वाचताना आजोबांच्या कागदाची किल्ली मला तिच्या आट्यांत सापडली नाही, ती कारखान्यातल्या एका कामात सापडली. दुनळी बंदुकीच्या नळ्या समांतर दिसतात, पण तशा नसतात. बार होताना उजवी नळी बंदुकीला थोडी उजवीकडे फेकते, डावी डावीकडे, आणि हे गोळी नळीत असतानाच सुरू होते. म्हणून नळ्या किंचित एकमेकींकडे कललेल्या जोडतात. किती कलवायच्या ते गणिताने पुरेसे कळत नाही. कारागीर चांदमारीवर जाऊन बार काढतो, भोके पाहतो, जोड सैल करून नळ्या हलवतो, पुन्हा झाडतो. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एका ठिकाणी येईपर्यंत हे चालते. आणि हा मेळ एकाच वजनाच्या गोळीसाठी व एकाच मापाच्या दारूसाठी असतो. दुसरे काडतूस घातले की गोळीचा नळीतला वेळ बदलतो, धक्का बदलतो आणि दोन नळ्या दोन ठिकाणी मारू लागतात. ज्या बंदुकीचा मेळ छर्ऱ्यासाठी बसवला आहे, तिच्यात गोळी घातल्यावर काय होईल हे बंदूक बनवणाऱ्यालाही झाडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

हा विषय पॅराडॉक्सवर संपला नाही. १८९८ मध्ये जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेकेने गुळगुळीत नळीसाठी एक गोळी काढली. तिच्या शेपटाला हलका बुच जोडलेला असतो, त्यामुळे ती बाणासारखी तोंड पुढे ठेवून जाते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कार्ल फॉस्टरने बुडाशी पोकळ, नाकाशी जड अशी शिशाची गोळी केली. बॅडमिंटनचे फूल जसे जड बाजू पुढे करून जाते, तसे तिचे आहे. या गोळ्यांच्या अंगावर तिरपे कंगोरे असतात. त्यांच्यामुळे लोक तिला आट्यांची गोळी म्हणतात आणि नावावरून फसतात. त्या कंगोऱ्यांनी फिरकी नावापुरतीच मिळते. त्यांचे खरे काम म्हणजे चोकमधून जाताना दबायला जागा देणे. ही गोळी गुळगुळीत नळीसाठीच आहे.

अमेरिकेत या विद्येला पुढे जोर आला त्याचे कारण दाट वस्तीचे भाग. ओहायो, इलिनॉय, आयोवा अशा सपाट, शेतीच्या राज्यांत हरणाच्या शिकारीला रायफल चालत नसे, कारण तिची गोळी फार दूर जाते. छर्ऱ्याच्या बंदुकीतून जाड गोळी झाडायला परवानगी असे. तेव्हा लोकांनी त्या बंदुकीलाच अचूक करायचा ध्यास घेतला आणि १९८० च्या दशकात पूर्ण नळीभर आटे असलेल्या छर्ऱ्याच्या बंदुका बाजारात आल्या. त्यांचा फेरा साधारण २८ ते ३५ इंचांत एक, आणि त्यांच्यासाठी गोळी वेगळी: नळीपेक्षा लहान, प्लॅस्टिकच्या दोन पाकळ्यांत बसवलेली. पाकळ्या आटे पकडून फिरतात आणि बाहेर पडताच गळून जातात. त्यांना ‘सॅबो’ म्हणतात; फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ लाकडी बूट.

तरीही या बंदुकांच्या मालकांना जुनाच अनुभव आला: चांगली नळी, महाग गोळी, आणि भोके मात्र विखुरलेली. कारणे शोधता शोधता जी यादी तयार झाली ती जेकबच्या वाळवंटातल्या रीतीपेक्षा फार वेगळी नाही. नळी सांगाड्यात जराही हलत असेल तर ती दर बाराला थोडी वेगळी बसते, म्हणून ती पक्की केली पाहिजे. एका बंदुकीला मानवणारे काडतूस तशाच दुसरीला मानवेलच असे नाही, म्हणून तीन-चार प्रकार झाडून एक निवडायचा आणि मग तो बदलायचा नाही. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून, दर वेळी त्याच जागी धरून, नळी थंड होऊ देऊन झाडायचे, कारण जड गोळीचा धक्का इतका असतो की दुसऱ्या-तिसऱ्या बारापासून माणूस आधीच डोळे मिटू लागतो. आट्यांत शिसे साचू द्यायचे नाही. आणि एका भोकावरून काहीच ठरवायचे नाही. निदान तीन, शक्यतो पाच झाडून त्यांचा पुंजका पाहायचा.

या पुंजक्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. तो फुलीपासून किती दूर आहे ही एक, आणि तो किती पसरलेला आहे ही दुसरी. भोके एकमेकांना चिकटून असतील आणि फुलीपासून दूर असतील, तर बंदूक चांगली आहे. माशी सरकवली की काम झाले. पसरलेली असतील तर माशी सरकवून उपयोग नाही, आणि एखादे भोक अगदी फुलीवर पडले तरी तो योगायोग. लोक त्या एका भोकाची गोष्ट सांगत राहतात. अचूकपणाच्या आधी सातत्य लागते.

आता आजोबांचा कागद. मी पट्टी घेऊन तो मोजला. ‘उ’ची तीन भोके एकमेकांपासून वीतभराच्या आत आहेत, पण तिन्ही फुलीच्या डावीकडे आणि खाली. ‘डा’ची तीन तीन दिशांना आहेत: एक फुलीच्या जवळ, एक वर, आणि एक उजवीकडे जवळजवळ दीड वीत. बंदुकीच्या नळ्या मी एका जाणकार बंदूक-दुरुस्तीवाल्याकडून मापून घेतल्या. उजवी जवळजवळ मोकळी, डावी पूर्ण चोक. आजोबांची गोळी डाव्या नळीच्या तोंडातून जाईल एवढी लहान, म्हणजे दोन्ही नळ्यांत सैलच. उजवीत ती निदान एका बाजूला तरी ठरून जात होती. डावीत ती शेवटी चोकवर आदळत होती आणि वाटेल तिकडे जात होती. टेकू देऊन, दिवसा, चाळीस पावलांवर दीड वीत. रात्री, हातात विजेरी सांभाळून, डुकराला ओलांडून शंभर पावलांवरच्या बांधापर्यंत ती कितीतरी हात बाजूला जाऊ शकत होती. त्या रात्री कोणता चाप ओढला ते कागदावर नाही. पण काकाचे म्हणणे या कागदाने खोटे ठरत नाही. नेम बरोबर असूनही गोळी चुकली असणे शक्य आहे.

हे कळल्यावर मला पहिल्यांदा हलके वाटले आणि मग ती शेवटची ओळ पुन्हा वाचली. आजोबांना हे सगळे १९६१ मध्येच कळले होते. त्यांनी रॉबिन्स वाचला नव्हता. जांभ्याच्या खाणीत कागद लावला, बंदूक पोत्यावर टेकवली, तेव्हा महाग असलेली सहा काडतुसे खर्च केली आणि दोन्ही नळ्या वेगळ्या नोंदवल्या. जे शास्त्राने दीडशे वर्षांत काढले त्यातले त्यांच्या कामापुरते त्यांनी एका दुपारी काढले. तो कागद गावाला दाखवला असता तर ‘नेम गेला’ हे बोलणे थांबले असते. त्यांनी तो अस्तराखाली ठेवून दिला. कारण कागदातून निघणारा दुसरा अर्थ त्यांना टाळता आला नसावा: आपली गोळी कुठे जाते हे न पाहताच आपण ती अंधारात झाडली. बंदूक दोषी होती हे खरे, पण ती दोषी आहे हे शोधायला लागली ती फक्त एक दुपार, आणि ती दुपार सहा आठवडे उशिरा आली.

१८५८ च्या त्या नकली एन्फिल्डपासून माझ्या आजोबांच्या दुनळीपर्यंत सरळ रेषा काढण्याचा मोह मला झाला होता. राज्याने आटे आपल्याकडे ठेवले आणि रयतेला गुळगुळीत नळी दिली, म्हणून आमच्या काकाचा गुडघा गेला, असे म्हणायला वाक्य बरे होते. त्यात थोडे तथ्यही आहे. पण आजोबांच्या ओळीत ते नाही, आणि ज्याने गोळी झाडली त्याचे म्हणणे इतिहासकाराने आधी ऐकावे असे मला वाटते.

काका आता नाही. कागद घेऊन मी त्याच्या मुलाकडे गेलो. त्याने तो ओटीवर उलगडला, भोकांतून बोट घालून पाहिले आणि शेवटची ओळ दोनदा वाचली. मग आत जाऊन बायकोला म्हणाला, की तात्यांनी हे लिहून ठेवले होते. एवढेच. चहा झाला, भाताच्या भावावर बोलणे झाले. रानडुकरांचा उपद्रव आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. १९७२ च्या कायद्यानंतर वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांना मारता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी गावात गोळी झाडणारे फारसे कोणी उरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात जाऊन परवाना नको असल्याचे लिहून दिले आणि बंदूक कायमची जमा केली. अंमलदाराने नेहमीप्रमाणे नळ्या उघडून आत उजेड धरून पाहिला, नंबर जुळवला आणि पावती फाडली. कागद मी घरी ठेवला आहे.